जेवत नाही म्हणून दूध, दूध प्यालं म्हणून जेवत नाही

पहिल्या वाढदिवसापर्यंत वाटीभर पेज चाटूनपुसून खाणारं मूल दीड वर्षाला तोंड फिरवायला लागतं आणि घरात सगळ्यांचा जीव खालीवर होतो. अशा वेळी आधी वाढीचा हिशेब मांडून बघावा. जन्माला तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ किलोच्या आसपास जातं, म्हणजे सहा किलो कमावतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं आणि त्यानंतर पाच वर्षांचं होईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढ इतकी मंदावली की भूकही मंदावते. यात मुलाचा हट्ट नाही, आईच्या हाताची चव बिघडलेली नाही आणि कुणाची नजरही लागलेली नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट सुरू होते. मूल चालायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालू शकतं, आणि नेमकी तेव्हाच त्याला अनोळखी पदार्थाची धास्ती वाटू लागते. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान ही धास्ती सगळ्यांत जास्त असते. कालपर्यंत आवडीनं खाल्लेली भेंडी आज वेगळी चिरली म्हणून ढकलून दिली जाते, वरणात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तर पूर्ण वाटी नको होते. बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. मात्र तोवर आपण घाबरून जे उपाय करतो, त्यांतलेच काही उपाय मुलाला जेवणापासून आणखी लांब नेतात. त्यांत पहिला नंबर दुधाचा.

बाटलीचा हिशेब

दुपारी जेवला नाही, उपाशी कसा झोपेल, म्हणून बाटली. बाटली प्यायला, म्हणून चार वाजता काही नको. चारला काही खाल्लं नाही, म्हणून पुन्हा बाटली. दिवसाला २५० मिलीच्या तीन बाटल्या गाईचं दूध गेलं की त्यातून जवळपास ५०० कॅलरी पोटात जातात. दीड वर्षाच्या मुलाची दिवसभराची गरज ९०० ते १००० कॅलरींच्या घरात असते. निम्मं पोट दुधानंच भरलं, आता भाताला जागा कुठून यायची?

खरी काळजी लोहाची आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि दुधात ते जवळजवळ नसतंच. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. लोह कमी पडलं की भूक आणखी मरते, मूल किरकिर करतं, लवकर दमतं. मग दूधच तेवढं पितंय म्हणून आणखी दूध दिलं जातं. गोरंगोमटं, गुबगुबीत दिसणारं मूल तपासणीत रक्तानं कमी निघतं, त्यामागे पुष्कळदा हीच साखळी असते.

वर्षावरच्या मुलाला दिवसाला ३५० ते ५०० मिली दूध पुरे. त्यात दही आणि ताकातलं दूधही धरायचं. बाटल्या एकदम बंद करू नका. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून असं करावं:

पहिल्यांदा दुपारच्या जेवणाआधीची बाटली काढा, कारण ती सगळ्यांत जास्त नुकसान करते. तीन-चार दिवसांनी संध्याकाळची बाटली काढून तेच दूध जेवणानंतर पेल्यातून द्या. रात्रीच्या बाटलीत दर दोन दिवसांनी ३० मिली दूध कमी करून तेवढं पाणी घाला. शेवटी उरेल ते पाणी. झोपेत दूध तोंडात राहिलं की पुढचे दात किडतात, म्हणून ही बाटली सुटणं दोन्ही कारणांनी महत्त्वाचं. पहिले चार दिवस रडारड होते. पाचव्या दिवशी आपण विरघळलो तर मूल एवढंच शिकतं की पाच दिवस रडलं की बाटली मिळते. म्हणून घरात आजारपण, प्रवास किंवा चवथीची (गणेशोत्सवाची) गडबड नसलेला आठवडा निवडा.

अंगावरचं दूध तोडायची गरज नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही ते चालू ठेवता येतं. फक्त जेवणाच्या आधीच्या तासाभरात नको.

पोदेराचा पोंगा आणि रात्रीचं जेवण

दुधानंतर वेळेचा प्रश्न येतो. गोव्यातल्या घरांत संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पोंगा वाजला की गरम पाव घरात येतो आणि पहिला तुकडा लहानग्याच्या हातात जातो. पाव चांगलाच, पोळीसारखा कोंड्याचा पोई तर आणखी चांगला. पण पाच वाजता अर्धा पाव, सहाला दोन बिस्किटं, साडेसहाला शेजारच्या काकूंनी दिलेलं केळं, सातला थोडं दूध, आणि साडेसातला ताट समोर आलं की मूल मान हलवतं. त्याचं पोट भरलेलं आहे. मान हलवणं हे प्रामाणिक उत्तर आहे.

दिवसात तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दोन खाण्यांत अडीच ते तीन तासांचं अंतर, आणि मध्ये फक्त पाणी. एवढं एक पाळलं तरी अर्धी लढाई संपते. वेळापत्रक साधारण असं: साडेसात-आठला न्याहारी, साडेदहाला फळ, पाऊण-एकला जेवण, झोप, चार-साडेचारला खाणं, साडेसातला रात्रीचं जेवण. पाव द्यायचाच असेल तर तो साडेचारच्या खाण्यातच बसवा, अंड्याबरोबर किंवा मुगाच्या पातळ भाजीबरोबर. पोदेर साडेपाचला येत असेल तर तो पाव रात्रीच्या ताटात ठेवा. आपल्याकडे पुष्कळ घरांत मोठी माणसं नऊला जेवतात. तोवर दोन वर्षांच्या मुलाला थांबवलं तर ते झोपेनं पेंगत असतं, आणि पेंगणारं मूल जेवत नाही. त्याला साडेसातला बसवा, पण एकटं बसवू नका. घरातल्या एका तरी मोठ्यानं तेच अन्न त्याच्याबरोबर थोडं खावं. मूल ताटाकडे बघतं त्याहून जास्त समोरच्या तोंडाकडे बघतं.

चहा देऊ नये. चहात बुडवलेला पाव हा आपल्याकडचा जुना लाड आहे, आणि आजी-आजोबांचा त्यात जीव असतो हेही खरं. पण चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. लाड करायचाच तर पाव कोमट दुधात बुडवा किंवा अळसांद्याच्या (चवळीच्या) रश्शात. फळांचा रसही १२० मिलीच्या वर नको. त्यापेक्षा अख्खं फळ बरं.

ताटात किती वाढायचं

इथे फार मोठी चूक होते. आपण मोठ्याच्या वाटीनं मोजतो आणि मुलानं चतुर्थांश खाल्लं की 'काहीच खाल्लं नाही' म्हणतो. वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, हे माप धरा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. संपलं तर ते मागेल. थोडं वाढलेलं ताट संपवणं मुलाला जमतं, डोंगर वाढलेला बघून ते हात आखडतं. एका जेवणाचा हिशेब करूही नका. मूल सकाळी भरपूर खातं, रात्री दोन घास; सोमवारी फक्त केळी, बुधवारी तीन अंडी मागतं. आठवड्याचं चित्र बघितलं तर ते पुष्कळदा बरंच भरलेलं दिसतं.

जेवण वीस ते तीस मिनिटांत आटपावं. मुलानं तोंड फिरवलं, खेळायला लागलं, ताट ढकललं, की शांतपणे 'झालं का? बरं' म्हणून ताट उचलायचं आणि पुढच्या ठरल्या वेळेपर्यंत काही द्यायचं नाही. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं हे मुलानं. ही वाटणी पाळणं ऐकायला सोपं वाटतं, पण हातात घास धरून 'एकच, शेवटचा' म्हणणारा हात आवरणं फार कठीण असतं. तो आवरावा लागतो, कारण बळजबरीच्या घासाबरोबर मूल त्या पदार्थाची भीतीही गिळतं. नाक दाबून भरवणं तर धोक्याचंच. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मोबाइल दाखवून भरवलं की मूल खातं हे खरं आहे. पण ते काय खातंय आणि पोट भरलंय का, याकडे त्याचं लक्ष नसतं. चव ओळखीची होत नाही आणि महिन्याभरात मोबाइलशिवाय तोंडच उघडत नाही. 'भाजी खा, मग चॉकलेट' हाही उलटा धडा. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असंच मुलाच्या मनात बसतं. गोड द्यायचं असेल त्या दिवशी छोटासा तुकडा जेवणाच्या ताटातच इतर पदार्थांबरोबर वाढावा. ते आधी खाल्लं तरी चालेल.

बसण्याकडे कुणी बघत नाही, म्हणून सांगते. उंच खुर्चीत पाय लोंबकळत असले की मुलाचा तोल सगळा पोटावर येतो, ते चुळबुळतं आणि दहा मिनिटांत उतरू बघतं. पायाखाली पाट किंवा खोका ठेवा, गुडघे काटकोनात येऊ द्या. जमिनीवर पाटावर बसवत असाल तर ताट चौरंगावर, त्याच्या बेंबीच्या पातळीला.

नवा पदार्थ कसा आणायचा

नव्या चवीला मूल सहसा आठ ते पंधरा वेळा भेटल्याशिवाय होकार देत नाही. आपण तीनदा करतो आणि 'त्याला आवडत नाही' असा शिक्का मारतो. भेटणं म्हणजे खाणंच असं नाही. ताटात बघणं, बोटानं दाबणं, हुंगणं, जिभेला लावणं, चावून थुंकणं, या सगळ्या पायऱ्या आहेत आणि मूल एकेक चढतं. ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवा आणि नको असेल ते तिच्यात काढायला शिकवा. थुंकायची मुभा असली की मूल तोंडात घालायला धजतं.

तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, उदाहरण घेऊ. गोव्यात ती वर्षभर बाजारात मिळते, चव सौम्य असते आणि ती भाताला गुलाबी रंग देते, म्हणून सुरुवातीला हीच बरी. पहिले तीन दिवस मुलाच्या ओळखीच्या ताटात, समजा वरणभात आणि तूप, कडेला एक चिमूट भाजी. मिसळायची नाही, 'खा' म्हणायचं नाही. आपण स्वतः खायची. चौथ्या दिवशी मुलाला पानं खुडायला बसवा. दोन वर्षांचं मूल हे काम मन लावून करतं. पुढे भाताच्या छोट्या मुदीवर भाजीचा रस घालून रंग कसा चढतो ते दाखवा. मग दोन पानं बारीक चिरून खोबऱ्यात परतलेली. दहाव्या-बाराव्या दिवशीही चाटून सोडली तर सोडू द्या. एक महिना थांबून पुन्हा सुरुवात करा. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि ताटात एक तरी पदार्थ असा हवा जो मूल नक्की खातं. तो असला की ते उपाशी उठत नाही आणि आपलाही हात बळजबरीला जात नाही.

नव्याची उडी लहान ठेवली की ती पार पडते. उकड्या तांदळाचा मऊ भात खाणारं मूल थेट पोळीवर जाणार नाही, पण तांदळाच्या भाकरीचा मधला मऊ भाग खाईल. केळं आवडतं तर नीरफणसाचे काप फार सपक लागत नाहीत. भाजी लपवून घालणं, म्हणजे तवसळीत काकडी किंवा घावनात दुधी, याला माझी हरकत नाही, पोषण मिळतंच. पण लपवलेल्या भाजीशी ओळख होत नाही. म्हणून तीच भाजी उघडी, तिच्या रूपातही कडेला ठेवावी, आणि मुलानं विचारलं तर खोटं बोलू नये. एकदा फसलं की ते घावनही सोडतं.

मुलासाठी वेगळं रांधायचं नाही

हे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे. मुलासाठी वेगळी खिचडी, वेगळी लापशी, वेगळा शिरा असं सुरू झालं की घरचं जेवण त्याला तीन वर्षांनंतरही परकंच राहतं. घरच्याच भांड्यातून त्याचा भाग वेळेवर बाजूला काढायचा, एवढंच.

हुमणाचं, म्हणजे मासळीच्या आमटीचं, वाटण घ्या. मिक्सरमध्ये आधी खोबरं, धणे आणि हळद वाटा, तीन-चार मोठे चमचे गोळा काढून ठेवा, आणि मगच भिजवलेल्या मिरच्या आणि चिंच घालून बाकीचं वाटा. काढलेल्या गोळ्यात पाणी घालून छोट्या टोपात उकळी आणा, त्यात मासळीचा एक तुकडा आणि एक आमसूल. घरच्या हुमणाचीच चव, तिखट वजा. दर महिन्याला त्यात घरच्या हुमणाचा अर्धा चमचा मिसळत गेलं की अडीच-तीन वर्षांचं मूल सौम्य हुमण-भात सगळ्यांबरोबर खायला लागतं. मुगागाठीचंही तसंच: मोडाच्या मुगांची सालं काढून खोबऱ्याच्या रसात शिजवलेला भाग मिरचीआधी काढा. सालं काढलेले मूग लहान तोंडाला सोपे जातात. मीठही शेवटी घाला, मुलाचा भाग काढल्यावर. वाढताना त्याला अगदी चिमूटभर पुरतं.

मिक्सरमधून गुळगुळीत केलेलं अन्न वर्षानंतर बंद करावं. दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या न चावलेल्या मुलांना पुढे दाणेदार अन्नाची उमाळी (ओकारीची उबळ) येते आणि मग ती गुळगुळीतच मागतात. अशा मुलाला पायऱ्यांनी आणा: चार-पाच दिवस मिक्सरऐवजी पळीनं घोटलेलं, मग काट्यानं चेचलेलं, मग बोटात चुरडेल असा मऊ तुकडा, शेवटी चिरलेलं. वरणात अख्खे तुकडे टाकू नका. पातळात अचानक लागलेला गोळा सगळ्यांत जास्त घाबरवतो.

पेजेबद्दल थोडं सांगायलाच हवं. उकडे तांदूळ उत्तम. भात उकडून वाळवण्यात टरफलाजवळची ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पण पातळ पेज म्हणजे बरंचसं पाणी. मूल वाटीभर पेज पितं, पोट टम्म होतं आणि तासाभरात भूक लागते. निवळ देण्याऐवजी शितं घोटून घट्ट करा, त्यात चमचाभर तूप किंवा दोन चमचे नारळाचा घट्ट रस, आणि उकळत्या पेजेत फेटलेलं अर्धं अंडं किंवा घोटलेली मुगाची डाळ घाला. अंडं घातल्यावर दोन-तीन मिनिटं नीट शिजू द्या.

नाचणीचं सत्त्व लोक कौतुकानं करतात, पण वस्त्रगाळ करताना कोंड्याबरोबर लोह आणि कॅल्शियमचा बराच भाग चोथ्यात जातो. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते वाया का घालवायचं? नाचणी बारा तास भिजवा, फडक्यात बांधून दीड दिवस मोड आणा, सावलीत पंख्याखाली खडखडीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजून दळा. मोडांमुळे त्यातला लोह अडवणारा फायटेट उतरतो आणि लोह जास्त लागू पडतं. शिवाय या पिठाची लापशी घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. पावसाळ्यात मात्र हा घाट घालू नका. गोव्याच्या दमट हवेत मोडांना बुरशी धरते आणि पिठाला कुबट वास येतो. एप्रिल-मेमध्ये दोन किलो करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावं.

लोहासाठी गुळावर विसंबू नका. चमचाभर गुळातून मिळतं ते नगण्य. मासळी, अंडं, कोंबडीची कलेजी आठवड्यातून एकदा छोट्या तुकड्याएवढी, अळसांदे, मूग, तांबडी भाजी, आणि यांच्या बरोबरीनं लिंबाची पिळ किंवा पेरूची फोड. क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही मिळतं.

मासळी

लहानग्यांची पहिली मासळी म्हणून आपल्याकडे मुडदुशे देतात ते योग्यच आहे. मांस पांढरं, हलकं, वास कमी. वाफवून किंवा हळदीत शिजवून मधला काटा उचला, मग मांस अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दोनदा चुरून बघा. काळ्या किंवा गडद ताटलीत चुरलं तर पांढरा काटा लगेच दिसतो. तारले स्वस्त आणि पौष्टिक. आमसूल घालून कुकरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवले तर काटे मऊ होतात. काटा बोटांत चुरडला गेला तरच मुलाला द्या, नाहीतर पुन्हा ठेवा. मोरीसारखी (शार्क) मोठी शिकारी मासळी टाळावी, कारण तिच्यात पारा साठतो. इसवणही (सुरमई) रोज नको.

बांगडा किंवा तारले खाल्ल्यावर तोंडाभोवती लाल चट्टे उठले तर लोक 'मासळी बाधते' म्हणून कायमची बंद करतात. पुष्कळदा दोष शिळेपणाचा असतो. हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवल्यानं जात नाही. कल्ले लालभडक आणि डोळा फुगीर असेल तेव्हाच घ्या. मात्र ताज्या मासळीनंही पुन्हा चट्टे उठले, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ती ॲलर्जी समजून डॉक्टरांकडे जा आणि घरी पुन्हा चाखवून बघू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा घरात सुके बांगडे आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर येते. त्यांत मीठ फार, म्हणून मुलाला नको. त्या दोन महिन्यांत अंडी, अळसांदे आणि मुगागाठी वाढवा, किंवा खाडीतले ताजे शेवटे मासे मिळाले तर तेच.

घशात अडकणारे पदार्थ

आपल्या घरांत धोका जवळच असतो: अख्खे काजू, शेंगदाणे, भाजलेले चणे, खोबऱ्याची कातळी, फणसाच्या आठळ्या, चिकूच्या आणि जांभळांच्या बिया. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा काजू नाहीच, पूड करून घाला. द्राक्षं उभी चार भागांत चिरा. फणसाचा गरा रसाळ असेल तर धाग्यांसकट बुळबुळीत सरकतो, म्हणून बारीक चिरून द्या. खाताना मूल बसलेलंच हवं. पळता पळता घास नको.

उमाळी येणं वेगळं आणि घास अडकणं वेगळं. उमाळीत आवाज येतो, चेहरा लाल होतो, मूल स्वतःच बाहेर काढतं. तेव्हा थांबून बघा. अडकलं की आवाज बंद होतो, खोकला येत नाही, ओठ निळसर होतात. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी आत जातो. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच जोरदार थापा, तरी निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, पुन्हा थापा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. शुद्ध हरपली तर मुलाला जमिनीवर आडवं करून छातीवर दाब सुरू करावे लागतात. हे एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

केव्हा तपासून घ्यायचं

खडा धरल्यासारखी शी होत असेल, आठवड्यातून तीनदाही होत नसेल, तर आधी बद्धकोष्ठाचा इलाज. भरलेल्या पोटाला भूक लागत नाही. पपई, पाणी, कमी दूध, आणि शौचाला बसताना पायाखाली पाट. दाढा येताना, साधारण १३ ते १९ महिन्यांत आणि पुन्हा दोन-अडीच वर्षांना, चार-सहा दिवस मूल फक्त थंड, मऊ मागतं. दहीभात द्या, काळजी नको.

अंगणवाडीत महिन्याला वजन घेऊन माता-बाल कार्डावरच्या आलेखावर टिंब मांडून घ्या. रेघ वर चढत असेल तर मूल पुरेसं खातंय, मग शेजारणीचं मूल कितीही खात असो. टिंबं आडवी पडू लागली, वजन उतरलं, किंवा दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या; ११.५ च्या खाली हे गंभीर कुपोषण. माती, खडू, भिंतीचा चुना खाणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. पिताना ठसका लागणं, प्रत्येक दाणेदार घासाला उलटी, आवडीच्या पदार्थांची यादी दर महिन्याला आखडत वीसच्या खाली येणं, किंवा बोलणंही मागे पडणं, यांत 'मोठा झाला की खाईल' म्हणून थांबू नये.

अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप मोफत मिळतं. त्यानं शी काळी होते, घाबरू नका. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला देतात: एक ते दोन वर्षांना अर्धी, दोनच्या वर अख्खी, चुरून पाण्यात. भूक वाढवणारी सिरपं मात्र औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं आणू नका. त्यांतल्या काहींनी मूल पेंगतं आणि औषध थांबलं की भूक पुन्हा पहिल्यासारखी होते.

डॉक्टरांकडे जाताना 'काहीच खात नाही' एवढं सांगून भागत नाही. तीन दिवसांचा कागद घेऊन जा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात गेलेलं सगळं, वेळेसकट: किती चमचे भात, किती बिस्किटं, शेजारून आलेलं काय, आजीनं गुपचूप दिलेलं काय. दूध मिलीमध्ये मोजून लिहा, रात्री झोपेत दिलेलं विसरू नका. बेरीज घरीच करून बघा. ती ५०० मिलीच्या वर निघाली आणि मुलाची रेघ चढतीच असेल, तर त्याच संध्याकाळी बाटलीच्या हिशेबापासून सुरुवात करा.